लेवीय १९ आणि माझी हजेरीवही

मी नगर जिल्ह्यात घरबांधणीची छोटी कामं घेतो. दोन गवंडी, पाच-सहा बिगारी, एवढाच पसारा. मजुरी शनिवारी वाटायची, कारण रविवारी बाजार.

दोन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात एका शनिवारी घरमालकाचे पैसे आले नाहीत. संध्याकाळी सगळे हातपाय धुऊन उभे राहिले. सगळ्यांत जुन्या मावशींच्या काखेत बाजाराची पिशवी होती, घडी घातलेली. मी म्हणालो, "सोमवारी बघू." कोणी काही बोललं नाही. मावशींनी पिशवी उलगडली, पुन्हा तशीच घडी घातली आणि निघाल्या.

माझ्या कपाटात मात्र पैसे होते. नव्या मोटारसायकलसाठी साठवलेले.

दुसऱ्या दिवशी चर्चच्या उपासनेत बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाचा १९ वा अध्याय वाचला गेला. "पवित्र असा, कारण मी पवित्र आहे" हे मला चर्चमधल्या मुलांच्या शब्बाथशाळेपासून पाठ. पवित्र म्हणजे दारू नाही, तंबाखू नाही, शिवी नाही, रोज कुटुंबप्रार्थना. या हिशेबात मी बसत होतो. त्या दिवशी पुढचं ऐकलं. शेताचा कडेचा भाग गरिबांसाठी राहू दे. आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नको. पिकल्या केसांसमोर उठून उभा राहा. तागडी खरी, वजनं खरी. आणि तेराव्या वचनात, मजुराची मजुरी सकाळपर्यंत स्वतःजवळ ठेवू नको. पवित्र असा म्हणणारा देव त्याच दमात माझ्या हजेरीवहीबद्दल बोलत होता!

बायबलमधल्याच 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या २४ व्या अध्यायात कारणही दिलंय. मजूर गरीब आहे, त्याचा जीव त्या मजुरीत अडकलेला असतो, म्हणून सूर्य मावळायच्या आत दे. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूच्या दाखल्यातला द्राक्षमळ्याचा धनीही संध्याकाळ होताच कारभाऱ्याला मजुरी द्यायला सांगतो. या दाखल्यावर मी किती प्रवचनं ऐकली असतील, शेवटी आलेल्यांनाही सारखीच मजुरी देणाऱ्या कृपेबद्दल. पण ती 'संध्याकाळ' माझ्या कधी लक्षातच आली नव्हती.

त्या रविवारी प्रभुभोजन होतं, म्हणजे येशूच्या मरणाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी. भाकर घ्यायला माझा हात पुढे झाला नाही. प्रभू, मला क्षमा कर, एवढंच म्हणता आलं.

घरी येऊन कपाट उघडलं आणि सगळ्यांच्या दारी गेलो. मावशी बाजार करून आल्या होत्या. शेजारून पाचशे रुपये उचलले होते, शंभराला दहा व्याजानं. माझ्या एका "सोमवारी बघू"ची ती किंमत. मजुरीवर व्याजाचे पन्नास ठेवले. त्यांनी नोटा दोनदा मोजल्या, "बरं" म्हणाल्या आणि पदराला गाठ मारली.

आता नवं काम धरताना आधी दोन आठवड्यांची मजुरी पत्र्याच्या डब्यात ठेवतो, मगच पाया खणायला घेतो. एवढी रक्कम हातात नव्हती म्हणून गेल्या वर्षी एक चांगलं काम सोडावं लागलं, आणि मला रात्रभर झोप लागली नाही. पवित्र जगणं मला अजून जड जातं. पवित्र आत्म्यानं धरून ठेवल्याशिवाय माझ्या एकट्याच्यानं ते होत नाही, हे रोज कळतं.

परवाच्या शनिवारी पाऊस होता. साडेपाचला छपराखाली वही उघडली तेव्हा मावशींनी पिशवी आधीच उलगडून हातात धरली होती.