पावसाळ्याआधीची लस

आज गावात पशुसंवर्धनवाले आले होते, जनावरांच्या घटसर्प आणि फऱ्या या रोगांची लस द्यायला. डॉक्टर सकाळपासून गोठ्यागोठ्यात फिरत होते, आमची खिलार गाय अनोळखी माणसावर शिंगं उगारते तरी न चिडता मानेवरून हात फिरवत सुई दिली आणि कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी नंबर मोबाईलवर टाकला. या लसी पुण्यात औंधला सरकारच्याच संस्थेत बनतात हे किती जणांना माहितीये? घटसर्पात गळा सुजतो, ताप चढतो आणि जनावर एक-दोन दिवसांत हातचं जातं, उपचाराला वेळच मिळत नाही म्हणून लस आधीच पाहिजे. २०२२ ला लम्पी हा गाईबैलांचा त्वचेचा रोग पसरला तेव्हा बाजार बंद, वाहतूक बंद आणि शेळ्यांच्या देवीची लस गाईबैलांना फुकट टोचत हेच लोक गावोगाव फिरले, यांचं कौतुक व्हायला पाहिजे तेवढं झालंच नाही. काही जण अजून लसीने दूध कमी होतं म्हणून जनावर पुढे करत नाहीत, अहो थोडे दिवस कमी होईल, परत येतं. ज्यांची राहिलीत त्यांनी उद्याच दवाखान्यात सांगा, गाय गाभण असेल तर तेही सांगा आणि जनावर आजारी असेल तर १९६२ या जनावरांच्या हेल्पलाइन नंबरला फोन लावा.