कॉन्ट्रिब्युशन म्हणजे देणगी नव्हे, मॅडम

बँकेच्या चार चकरा झाल्या, त्यातल्या तीन एका शब्दापायी. आणि तो शब्द माझ्याच इनव्हॉइसवर होता, त्यामुळे धड कुणावर चिडताही येत नाही.

काम मिळालं ते सहज. क्यूजीआयएस या नकाशांच्या मुक्त सॉफ्टवेअरसाठी मी पायथनमध्ये एक प्लगइन, म्हणजे जोड-प्रोग्राम, लिहिलं होतं, जुने स्कॅन केलेले मोजणी नकाशे जुळवायला. दीड वर्ष लोकांचे बग फुकट सोडवले. अमेरिकेतल्या एका सर्व्हे कंपनीतला माणूस दर आठवड्याला गिटहबवर, जिथे हा कोड ठेवलाय त्या साइटवर, नवी मागणी टाकायचा. एकदा वैतागून लिहिलं, ‘याला तीन आठवडे लागतील, पैसे घेऊन करेन.’ दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, ‘किती?’ हे आधी का सुचलं नाही, देव जाणे. करार, डब्ल्यू-८ बेन हा अमेरिकी कराचा फॉर्म, काम, सगळं झालं. १२०० डॉलर तिकडून निघाले आणि इथे अडकले.

इनव्हॉइसवर मी लिहिलं होतं, ‘प्लगइनसाठी कॉन्ट्रिब्युशन’. आपला रोजचा शब्द, मुक्त सॉफ्टवेअरला कोड लिहून देणं म्हणजे कॉन्ट्रिब्युशन. बँकेनं त्याची देणगी केली आणि रक्कम पी१३०२ या पर्पज कोडखाली (परदेशातले पैसे कशाचे ते सांगणारा कोड), म्हणजे वैयक्तिक भेट-देणगी म्हणून, जमा करायला घेतली. मी धावलो. मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवून कागद डोळ्यांजवळ धरला.

“ओपन सोर्स म्हणजे फुकटच ना?”

“सॉफ्टवेअर फुकट, मॅडम. माझे तीन आठवडे नाहीत.”

“मग एक्सपोर्ट झालं की हे. शिपिंग बिल आणा.”

कोडच्या काय पेट्या भरून न्हावाशेवाला पाठवतात? दुसऱ्या चकरेत आयईसी, म्हणजे आयात-निर्यातदाराचा, नंबर मागितला. निर्यात धोरणाचे लाभ घ्यायचे नसतील तर सेवा निर्यातीला तो लागत नाही, हे सांगितलं तर “तसं लेखी आणा”. तिसऱ्या वेळी कळलं की हे मुंबईचा फॉरेक्स विभाग बघतो, शाखेच्या हातात काहीच नाही. मग दोन चकरा कशासाठी?

एवढा जीव का काढला, तर परक्याकडून वर्षात ५०,०००च्या वर भेट आली की सगळी रक्कम करपात्र. माझे सीए प्राप्तिकराच्या ४४एडीए कलमाखाली व्यवसायाच्या जमेतलं निम्मंच उत्पन्न धरतात, ते भेटीला कुठून चालणार? शिवाय जीएसटी नंबर आहे, एलयूटी, म्हणजे जीएसटी न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र, भरलेलं आहे. उद्या निर्यातीचा पुरावा मागितला तर देणगीची पावती दाखवू?

शेवटी इनव्हॉइस बदलला: ‘सॉफ्टवेअर डेव्हलपमेंट चार्जेस’. सोबत कराराची प्रत आणि एका ओळीचं पत्र, ‘कोड पी०८०२ लावावा’, म्हणजे सॉफ्टवेअर सेवेचा. मुंबईला मेल केला, दोन दिवसांत पैसे जमा. दोन दिवसांत! एफआयआरसी, म्हणजे परदेशातून पैसे आल्याचा बँकेचा दाखला, त्याच मेलमध्ये मागून घ्या, नंतर कुणी ओळखही देत नाही.

हो, एलयूटी दर आर्थिक वर्षाला नव्यानं भरावं लागतं, मागच्या वर्षीचं चालत नाही. करारात ‘सगळा कोड कंपनीचा’ असं कलम असेल तर आधीच खोडून घ्या. प्लगइन जीपीएल या मुक्त परवान्याखाली आहे, ते तसंच राहायला हवं. आणि ‘मर्ज झाल्यावर पैसे’, म्हणजे कोड मूळ प्रकल्पात सामील झाला की मगच पैसे, याला तर अजिबात हो म्हणू नका. या कामासाठी मूळ क्यूजीआयएसमध्येही एक छोटी दुरुस्ती करावी लागली होती. ती अजून रिव्ह्यूत पडून आहे.