आधी पीठ, मग भाजी

"ताई, एवढ्या पैशात पाच माणसांचं भागवता तरी कसं?" भिशीतल्या बायका विचारतात, पुण्याची नणंद दर दिवाळीला विचारते. मी दरवेळी हसून विषय बदलते. पण परवा शेजारची नवी सून वही-पेन घेऊनच आली. तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

आम्ही जळगावात राहतो. आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. किराणा, दूध, भाजी मिळून महिन्याला साधारण ८ हजार. त्यात धान्य धरलेलं नाही, आणि खरी मेख तिथंच आहे. आमची १२ जणींची भिशी आहे, महिन्याला प्रत्येकी १२०० रुपये. मी नंबर कायम एप्रिलचा मागून घेते. बाकीच्यांना दिवाळीचा हवा असतो, त्यामुळे भांडण होत नाही. त्या १४,४०० मध्ये दीड क्विंटल गहू, एक क्विंटल दादर आणि ३० किलो तूरडाळ बसवायची. कमी पडलं तर डाळीतले दोन-चार किलो पुढच्या महिन्यावर ढकलते. दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी. तिची भाकरी गोड लागते आणि सकाळची संध्याकाळीही मऊ राहते.

एका वर्षी मला घाई झाली आणि गहू ऊन न दाखवता कोठीत भरला. श्रावणात झाकण उघडलं तर सोंडेच सोंडे. सासूबाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या सूप घेऊन बसल्या. ते जास्त लागलं. आता दोन दिवस गच्चीवर कडक ऊन, मग कडुनिंबाचा वाळलेला पाला, मगच कोठी.

आता रोजचं. मोबाईलवर बघून मीही एकदा आठवड्याचा तक्ता केला होता. गुरुवारी सिमला मिरची लिहिली म्हणून ती महागाची आणली, आणि घरात मेथीची जुडी पिवळी पडली. सासूबाई अमळनेरकडच्या, रागावल्या की अहिराणीत येतात. "घरमा काय शे ते पहिले देख, मंग बाजारमा जाय." तो तक्ता तिथंच संपला.

तेव्हापासून मी भाजी ठरवत नाही, पीठ ठरवते. कारण पिठावरून भाजी किती लागेल ते कळतं. पोळी केली की सोबत वाटीभर भाजी हवीच. कळण्याच्या भाकरीला ती लागत नाही. चार किलो ज्वारीला एक किलो सालासकट काळे उडीद आणि मूठभर मीठ घालून दळलं की झालं कळणं. भाकरीतच डाळ आली. वर ठेचा, शेंगदाण्याचं कच्चं तेल, फोडलेला कांदा. माझी मुलं एरवी जेवताना नाटकं करतात, पण कळण्याच्या दिवशी ताटाला हात लावू देत नाहीत.

म्हणून आठवड्यातले तीन दिवस भाजीवाल्याकडे जायचंच नाही, हा माझा एकच नियम. एक दिवस कळणं. एक दिवस फुणके: तूरडाळ रात्री भिजवायची, मिरची-लसूण घालून भरड वाटायची, मुटके वळून वाफवायचे, वर तेल आणि सोबत कढी. यासाठी अख्खी डाळ कशाला? जळगावात डाळमिल आहेत, तुटकी डाळ स्वस्तात मिळते. वाटायचीच तर ती तुटकी असली काय नि अख्खी असली काय. तिसऱ्या दिवशी बेसन: पातोडी नाहीतर डुबुक वडे, काळ्या मसाल्याच्या रश्शात. मे-जूनमध्ये, भाजीला हात लावला की चटका बसतो तेव्हा, हे तीनाचे चार दिवस होतात आणि जोडीला बिबडे (ज्वारीचे पापड) आणि कुरडयांचे डबे उघडतात.

थंडीत मात्र नियम मोडायचा. भरिताची वांगी आली की मी हात आखडत नाही. पाच जणांना दोन किलो. त्या दिवशी दुसरं काही करायचंच नाही, भरीत आणि भाकरी. तुरीच्या काड्यांवर भाजलेलं असेल तर उत्तमच, शहरात गॅसवर भागवतो.

बाजारात मी रात्री आठनंतर जाते. उरलेली कोथिंबीर, पालक, मिरच्या निम्म्या भावात देतात. टोमॅटो तेव्हा घेऊ नयेत, दबलेलेच उरतात.

माझा हिशेब फसतो तो शेवभाजीत. रविवारी शेवभाजी हवीच, आणि तिखट शेव आणली की निम्मी भांड्यात पडायच्या आधीच पोरांच्या पोटात जाते. आणायला आमचे हेच जातात, त्यामुळे पाव किलो सांगितली की अर्धा किलो येते. तो खर्च मी वहीत 'इतर'मध्ये टाकते.

शेजारच्या सुनेनं सगळं लिहून घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी कळणं दळून आणलं, पण गव्हाच्या मागे. भाकऱ्या चिवट झाल्या. ते सांगायचं राहिलंच होतं: गिरणीत कळणं ज्वारीच्या मागे टाकायला सांगायचं, म्हणजे जात्यात उरलेलं गव्हाचं पीठ त्यात येत नाही.