काकांची पाऊण जीबी

२०१२ चा मे महिना, ऐन लग्नसराई. कऱ्हाडातल्या आमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाचं शटर मी नुकतंच वर केलं होतं. लग्नपत्रिका छापणारे काका स्कूटरवर पायांपाशी कॅबिनेट ठेवून आले आणि आल्या आल्या म्हणाले, "चार जीबीचे पैसे मोजलेत मी. आत सव्वातीनच आहे. त्या पोरानं डुप्लिकेट रॅम गळ्यात मारली."

ते पोरगं म्हणजे दोन गल्ल्या पलीकडचा दुकानदार. चार गिऱ्हाइकांसमोर काका त्याला चोर म्हणून आले होते. मी त्याला ओळखत होतो, त्यामुळे ते ऐकून मला वाईट वाटलं.

मशीन जोडलं. प्रॉपर्टीजमध्ये आकडा होता: ४.०० जीबी, पुढे कंसात ३.२४ जीबी वापरता येण्याजोगी. एक-एक जीबीच्या चारही पट्ट्या एकेक करून लावून पाहिल्या. चारही शाबूत, चारही पूर्ण मोजल्या जात होत्या.

विंडोज ७ होतं, ३२ बिटचं. मला वाटलं, उत्तर सापडलं. काकांनी तरुणपणी छापखान्यात जुळारी म्हणून अक्षरांचे खिळे जुळवलेले, म्हणून त्यांच्याच भाषेत सांगितलं. "काका, तुमच्या खिळ्यांच्या केसला जेवढे खण, तेवढेच खिळे हाताला लागणार ना? ३२ बिटला खण म्हणजे पत्ते असतात ४,२९,४९,६७,२९६. एका बाइटला एक पत्ता, म्हणजे बरोब्बर चार जीबी. पण हे सगळे पत्ते रॅमला मिळत नाहीत. स्क्रीनचा ग्राफिक्स, नेटवर्क कार्ड, मशीन सुरू करणाऱ्या बायोसची चिप यांच्याशी प्रोसेसर पत्त्यांनीच बोलतो. त्यांच्यासाठी वरचे खण आधीच राखून ठेवलेले असतात. तिथे येणारी रॅम असते, पण तिला खण नसतो."

काकांनी मान हलवली. "म्हणजे खिळे पोत्यातच राहिले. मग मोठी केस आण."

मोठी केस म्हणजे ६४ बिट. त्यांचा प्रोसेसर कोअर २ ड्युओ होता, त्याला ६४ बिट चालतं. मी शब्द दिला, संध्याकाळपर्यंत पूर्ण चार दिसतील.

डेटा काढून घेतला, फॉरमॅट मारलं. मराठी फॉन्टच्या लॉकचा (ज्या किल्लीशिवाय ते फॉन्ट चालत नाहीत, तिचा) ६४ बिटचा ड्रायव्हर शोधण्यात दुपार गेली. मध्ये काकांचे तीन फोन: दोन पत्रिकांची प्रुफं अडकली होती. चारच्या सुमाराला सगळं बसलं आणि मी प्रॉपर्टीज उघडली.

३.२४.

पोटात खड्डा पडला. विंडोजच्या एमएसकॉन्फिग या सेटिंग्जच्या खिडकीत कमाल मेमरीची चौकट कुणी टिकमार्क करून ठेवली की असं होतं, म्हणून ती पाहिली. रिकामी होती. बायोसमध्ये मेमरी रिमॅपचा पर्याय शोधला. चिपसेट, म्हणजे प्रोसेसर आणि रॅम यांना जोडणारी बोर्डावरची चिप, चांगला असेल, तर त्या पर्यायानं अडकलेली रॅम चार जीबीच्या वरच्या पत्त्यांवर नेता येते. तो पर्यायच नव्हता. मग मदरबोर्डाचा नंबर टाकून माहितीपुस्तिका उतरवली. चिपसेट ९४५जी. त्याला ३२ बिटांच्या पलीकडचा पत्ताच काढता येत नाही. प्रोसेसर ६४ बिटचा, विंडोज ६४ बिटचं, पण मधला रस्ताच तेवढा. चार जीबी लावा, यंत्रांचे राखीव पत्ते त्यातूनच कापले जाणार. ही ओळ सकाळी पाच मिनिटांत वाचता आली असती. ती न वाचता मी लग्नसराईतला त्यांचा अख्खा दिवस घेतला होता.

काका आले तेव्हा मी काही लपवलं नाही. "मोठी केस आणली, पण तिला ठेवायला तुमच्या स्टँडमध्ये जागाच नाही. चूक माझी. बोर्ड आधी बघायला हवा होता."

ते बराच वेळ आकड्याकडे बघत राहिले. मग विचारलं, "म्हणजे बोर्ड बदलल्याशिवाय ही पाऊण जीबी मला कधीच मिळणार नाही?"

"नाही. पण आधीच्या दोन जीबीची सव्वातीन झाली आहे, तेवढी पुरेपूर वापरली जाते. आणि ३२ बिटच्या एका प्रोग्रॅमला विंडोज सहसा दोन जीबीच्या वर पत्ते देतच नाही."

त्यांच्या स्कॅनरला ६४ बिटचा ड्रायव्हर नव्हता, त्यामुळे जुनंच विंडोज परत टाकणं भाग होतं. ते रात्री बसून केलं, पैसे घेतले नाहीत. माझ्यामुळे गेलेल्या दिवसाचे पैसे त्यांच्याकडून मागणं मला पटत नव्हतं.

कॅबिनेट घेऊन निघताना काकांनी स्कूटर चालू केली आणि परत बंद केली. "ते पोरगं दुकान किती वाजता बंद करतं रे?"

"साडेनऊ."

सव्वानऊ झाले होते. "तू पण चल. मला हे नीट सांगता यायचं नाही," म्हणाले. कॅबिनेट माझ्या दुकानात ठेवून आम्ही दोघं चालत गेलो. आत दोन गिऱ्हाइकं होती. ती जाईपर्यंत काका थांबले नाहीत. त्यांच्या समोरच त्यांनी बोलायला सुरुवात केली.