नाट्यशास्त्रात एम.ए. : माझा अनुभव आणि नावातलं एक अक्षर

आमच्या विभागात तालमीला उशीर झाला तर दार बंद. हा नियम मला तेव्हाही मान्य होता, आजही आहे. वीस जण उभे राहून एका माणसाची वाट बघतात तेव्हा तालमीची हवाच जाते. पण विद्यापीठाच्या ज्या खिडकीवर माझी पात्रतेची, म्हणजे परराज्यातली पदवी तपासून प्रवेश पक्का करायची, फाइल अडकली होती ती उघडायची अकराला आणि मिटायची दीडला, आणि नेमका त्याच वेळात आमचा आवाजाचा तास आणि लगेच पुढे शरीर-हालचालींचा तास. पहिल्या सत्राचा मोठा भाग या ओढाताणीत गेला. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. शिकवणाऱ्यांनी मला भरभरून दिलं आणि राग फक्त एका टेबलावर आहे.

मी बेळगावची. एसएसएलसी (तिकडची दहावी), पीयूसी (बारावी), बी.कॉम. सगळं कर्नाटकात. नाटकाचं वेड मात्र पहिल्यापासून मराठी, कुमार गंधर्व रंगमंदिरात बाहेरून आलेले प्रयोग बघत वाढलेलं. बी.कॉम.वाल्यांना नाट्यशास्त्राच्या एम.ए.ला घेतात का, हे मला अजूनही मुलं विचारतात. बहुतेक ठिकाणी कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो. खरी निवड प्रवेशपरीक्षेत होते. पुण्याचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची कालिन्यातली अकादमी ऑफ थिएटर आर्ट्‌स, छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातला नाट्यशास्त्र विभाग ही आपल्याकडची मोठी नावं. मराठीबाहेर जायची तयारी असेल तर हैदराबादचं केंद्रीय विद्यापीठही आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात तीन वर्षांची पदविका मिळते, पण प्राध्यापकीसाठी ती एम.ए.च्या बरोबरीची धरली जाते, हे घरच्यांना पटवून द्यायला उपयोगी पडतं.

परीक्षेबद्दल फार लिहीत नाही, ती छान झाली. पाठ केलेला उतारा आपल्या वयाला झेपेल असा घ्या. बावीस वर्षांच्या मुलामुलींनी थकलेल्या म्हाताऱ्याचं स्वगत करू नये. आणि तो उतारा ज्या नाटकातला आहे ते नाटक अख्खं वाचून जा. मला मुलाखतीत त्या पात्राचा आधीचा प्रवेश विचारला होता, आणि पुढचे सगळे प्रश्न त्यावरूनच निघाले.

तर ती फाइल.

परराज्यातून आलेल्यांना आधी तात्पुरता प्रवेश मिळतो. मग मायग्रेशन (आधीचं विद्यापीठ सोडल्याचा दाखला), टीसी आणि सगळ्या गुणपत्रिका पात्रता कक्षात जातात. तिथून पात्रता निश्चित झाली की कायम नोंदणी क्रमांक, ज्याला सगळे पीआरएन म्हणतात, तो मिळतो. तो नसेल तर परीक्षेचा अर्ज पुढे सरकत नाही. माझं मायग्रेशन वेळेवर आलं होतं. अडलं ते नावावर. आमच्याकडे कित्येकांच्या पदवीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचं पूर्ण नाव नसतं, नुसतं आद्याक्षर असतं. माझ्याही तसंच. आधार कार्डावर मात्र बाबांचं नाव पूर्ण. महाराष्ट्रातल्या अर्जात आडनाव, स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव असे चार रकाने, आणि ते मी प्रामाणिकपणे पूर्ण भरले.

खिडकीवरच्या सरांनी गुणपत्रिका आणि आधार शेजारी ठेवले आणि म्हणाले, ‘‘मॅडम, नाव वेगळं आहे. गॅझेट आणा.’’

गॅझेट म्हणजे सरकारी राजपत्रातली नोंद, ती नाव बदलल्यावर करतात. मी नाव बदललं नव्हतं, ते एक अक्षर पूर्ण लिहिलं होतं एवढंच. शिवाय माझा रहिवास कर्नाटकातला, म्हणजे महाराष्ट्राच्या राजपत्रात माझा अर्ज बसणार कसा? हे मी सांगितलं. उत्तर आलं, ‘‘ते तुम्ही बघा.’’

विभागप्रमुख सरांनी लगेच पत्र दिलं की ही आमचीच विद्यार्थिनी आहे आणि दोन्ही नावं तिचीच. ते पत्र परत आलं, कारण त्यावर जावक क्रमांक नव्हता. क्रमांक घालून नेलं तर सांगितलं, पत्र चालणार नाही, प्रतिज्ञापत्र पाहिजे. नोटरीकडून प्रतिज्ञापत्र केलं. तेही परत, कारण कुठल्या कागदावर कुठलं नाव आहे हे त्यात एकेक करून लिहिलेलं नव्हतं. यातली प्रत्येक अट आधीच्या खेपेला सांगता आली असती. एका कागदावर चार ओळी लिहून दिल्या असत्या तर माझं काम आठवड्यात झालं असतं. लोकांची अडचण एकदाच पूर्ण ऐकून घ्यायची, ही साधी गोष्ट तिथे कुणालाच जमत नव्हती, आणि त्याची किंमत मी तालमीत मोजत होते.

ती किंमत कशी, तेही सांगते. सत्राच्या प्रयोगात मला एक चांगली भूमिका मिळाली होती. वाचनं संपून ब्लॉकिंग, म्हणजे रंगमंचावरच्या जागा आणि हालचाली ठरवणं, सुरू झालं त्याच दिवसांत माझ्या खेपा वाढल्या. दिग्दर्शक दादा आमच्याच वरच्या वर्गातला. त्याने दोनदा सांभाळून घेतलं आणि मग भूमिका दुसरीला दिली. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. ज्या नटाची जागा रंगमंचावर रोज रिकामी असते त्याच्याभोवती रचना बांधता येत नाही. मला प्रकाशयोजनेत बसवलं. मी रडले आणि दुसऱ्या दिवसापासून डिमर बोर्डासमोर, म्हणजे दिव्यांचा उजेड कमी-जास्त करायच्या पाटीसमोर, बसले. फ्रेनेल दिव्याचा मऊ उजेड आणि प्रोफाइल दिव्याची धारदार कड यातला फरक हातांना कळायला लागला. पुढे प्रबंधासाठी मी प्रकाशयोजनाच निवडली. पण भूमिका गेली ती गेलीच, ते दुःख मी लपवणार नाही.

परीक्षेच्या अर्जाची मुदत जवळ आली. विलंब शुल्काची तारीखही दिसायला लागली. तेव्हा आमच्या वसतिगृहातल्या एका पीएच.डी.च्या ताईंनी जे सांगितलं ते प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवावं. तोंडी नकार घेऊन परत यायचं नाही. अर्ज दोन प्रतींत न्यायचा, आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि तारीख घ्यायची, आणि त्रुटी असेल तर ती लेखी द्या अशी त्याच अर्जात विनंती करायची. मी तसं केलं. अर्ज नम्र होता, पण त्यात आजवर मागितलेला प्रत्येक कागद आणि तो दिल्याची तारीख क्रमाने होती. शिक्का द्यायला तिथे बरीच खळखळ झाली. मी उभीच राहिले. पाय रोवून, श्वास पोटातून घेऊन, न चढलेल्या आवाजात मी तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते. आवाजाच्या तासाला शिकलेलं त्या दिवशी कामी आलं, याचा मला अभिमान वाटतो.

त्रुटी लेखी द्यायची म्हणजे वरच्यांची सही लागणार. म्हणून फाइल सहायक कुलसचिव मॅडमकडे गेली. त्यांनी मला आत बोलावलं, फाइल पहिल्या पानापासून चाळली आणि माझी एसएसएलसीची गुणपत्रिका बाहेर काढली. तिच्यावर वडिलांचं नाव, आईचं नाव, दोन्ही पूर्ण छापलेली. ‘‘हे तर इथेच आहे की,’’ त्या म्हणाल्या आणि सही केली. चहा निवायच्या आत काम झालं.

म्हणजे पुरावा पहिल्या दिवसापासून फाइलमध्ये होता. मला खरा संताप येतो तो याचा. गॅझेट, जावक क्रमांक, नोटरी यातलं काहीच लागणार नव्हतं. कुणीतरी पानं उलटायला हवी होती. बाहेर आले तेव्हा सुटल्यासारखं वाटलं, पण हात थरथरत होते.

परराज्यातून, विशेषतः कर्नाटकातून येणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं : दहावीची गुणपत्रिका फाइलमध्ये सगळ्यात वर लावा आणि वडिलांच्या नावाच्या ओळीला चिठ्ठी चिकटवा. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र गावातूनच करून आणा, त्यात प्रत्येक कागद आणि त्यावरचं नाव जसंच्या तसं लिहा. विद्यार्थ्याचे श्रेयांक जिथे ऑनलाइन जमा होतात त्या क्रेडिट बँकेचा एबीसी आयडी आधारवरच्या नावाने निघतो, म्हणून तो काढायच्या आधी आधार तपासा. महाराष्ट्रात २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. आपल्या विद्यापीठाने त्याखाली कुठल्या सेवा आणि किती दिवसांची मुदत जाहीर केली आहे ते संकेतस्थळावर बघून ठेवा. आणि हे सगळं वर्ग सुरू व्हायच्या आधी उरका. नाट्यशास्त्राचा दिवस सकाळी सुरू होतो आणि रंगीत तालीम असेल तर रात्रीच संपतो, मधली मोकळी दुपार मिळत नाही. विद्यापीठांनीही अशा विभागांतल्या मुलांसाठी संध्याकाळी एखादा तास खिडकी उघडी ठेवावी, ही माझी मागणी आहे आणि ती मी लेखी दिली आहे.

एक राहिलंच. पुढे शिकवायचं असेल तर नेटला, म्हणजे प्राध्यापकीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेला, आपला विषय ‘परफॉर्मिंग आर्ट’ या शीर्षकाखाली नृत्य, नाटक, रंगभूमी असा एकत्र येतो, त्याचा क्रमांक ६५. भरतमुनी आणि ॲरिस्टॉटलपासून ब्रेख्तपर्यंत एम.ए.त जे शिकवतात त्याच्या टिपणवह्या त्यासाठी जपून ठेवा, रद्दीत घालू नका. आणि पदवी प्रमाणपत्राचा अर्ज भरताना नाव एम.ए.च्या गुणपत्रिकेवर आहे तसंच येतंय ना, हे शुल्क भरायच्या आधी पडद्यावर दोनदा वाचा. माझं बरोबर आलं, चारही रकाने पूर्ण.