जिथे आपली बोट न्यायची नसते

मॉस्किटो बेमध्ये आपली बोट न्यायची नाही, हे आमचं कॅरिबियन समुद्रातल्या प्वेर्तो रिकोचं कुलेब्रा बेट सोडतानाच ठरलं होतं. इंधनावर चालणाऱ्या बोटींना तिथे मज्जावच आहे, पण नियम नसता तरी मी नेऊ दिली नसती. व्हिएकेस बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरची ही छोटीशी खाडी रात्री उजळते. जगातली सर्वांत तेजस्वी खाडी म्हणून गिनीज बुकात तिची नोंद आहे. प्वेर्तो रिकोत अशा तीन जागा प्रसिद्ध आहेत: ही एक, फाहार्दोची लागुना ग्रांदे आणि नैर्ऋत्येकडची ला पार्गेरा. आम्ही पश्चिमेकडे निघालो होतो, त्यामुळे व्हिएकेस वाटेतच होतं. अमावास्याही जवळ आली होती. चांदण्यात ही खाडी बघण्यात अर्थ नाही, म्हणून कुलेब्रातला मुक्काम मीच हट्टाने लांबवला होता.

पूर्वेचा वारा डावीकडून घेत आम्ही दक्षिणेला उतरलो, पुंता एस्तेचं टोक लांबून वळसा घालून ओलांडलं आणि वारा पाठीवर घेतला. लांबून, कारण बेटाच्या या पूर्व भागावर अमेरिकन नौदलाने अनेक दशकं बॉम्बफेकीचा सराव केला आणि न फुटलेला दारूगोळा जमिनीत आणि पाण्यात अजून पडलेला आहे. १९९९ मध्ये डेव्हिड सानेस रोद्रिगेस हा तिथला सुरक्षारक्षक अशाच सरावात बॉम्ब पडून गेला. त्यानंतर बेटावरची माणसं हटली नाहीत. सरावक्षेत्रात तंबू ठोकून बसली, अटक झाली तरी पुन्हा गेली. १ मे २००३ला नौदलाला सराव थांबवून निघावं लागलं. आता तिथे वन्यजीव अभयारण्य आहे. बोटीवरून नुसती हिरवी झुडपं दिसतात. एक घर नाही, एक खांब नाही.

मॉस्किटो बेच्या शेजारच्या सन बेमध्ये नांगर टाकला. वाळूचा तळ, नांगर पहिल्याच झटक्यात रुतला. मात्र आग्नेयेकडची लाट आत वळते आणि बोट रात्रभर डोलत राहते, तेव्हा शांत झोपेची अपेक्षा धरून तिथे जाऊ नका. किनाऱ्यावर मोकळे घोडे फिरतात. एक घोडी शिंगरू घेऊन आमच्या डिंगीपाशी, म्हणजे किनाऱ्यावर यायच्या छोट्या होडीपाशी, आली, दोर हुंगला आणि आपल्या वाटेने गेली.

दुपारी आम्ही मॉस्किटो बे चालत जाऊन पाहिली. माझं सांगणं आहे की रात्रीआधी ती दिवसा बघाच. दिवसा पाणी साधंच दिसतं, जरासं गढूळ, पण सगळं रहस्य तेव्हाच उलगडतं. भोवताली लाल खारफुटीचा दाट वेढा. मुळं कमानीसारखी पाण्यात उतरलेली, त्यांच्यात पिवळी पडलेली पानं अडकलेली. ही पानं कुजतात आणि जिवाणू त्यातून जी पोषकद्रव्यं तयार करतात, त्यांत बी-१२ जीवनसत्त्व असतं. उजेड पाडणाऱ्या पायरोडिनियम बहामेन्स या एकपेशीय जिवाला ते लागतं. खाडी उथळ, ऊन तळापर्यंत पोचणारं, आणि समुद्राकडचं तोंड अरुंद. त्यातून कॅरिबियनमध्ये भरती-ओहोटीचा फरक जेमतेम फूटभर. त्यामुळे पाणी सावकाश बदलतं आणि हे जीव बाहेर वाहून न जाता आतच वाढतात. यातली एक गोष्ट बिघडली तरी उजेड मंदावतो. मारिया वादळानंतर, २०१७ मध्ये, तेच झालं. खारफुटी मोडली, पावसाचं गोडं पाणी आणि गाळ आत उतरला, आणि खाडी कित्येक महिने अंधारी राहिली. कायाक चालवणाऱ्या ज्या बाईंबरोबर आम्ही रात्री गेलो, त्या म्हणाल्या, "तेव्हा पर्यटक नव्हते. तरी मी मधूनमधून यायचे, पाण्यात नुसतं वल्हं घालून बघायला."

त्यांनी निघण्यापूर्वी हात नीट धुवायला लावले. अंगाला सनस्क्रीन नको, डास पळवणारं मलम नको. डास चावले, चावू दिले.

खाडीच्या तोंडाशी असताना काहीच दिसत नव्हतं. मग वल्हं आत गेलं आणि त्याच्याभोवती फिकट निळा भोवरा उठला. वल्हं वर काढलं, तर त्यावरून निथळणारा प्रत्येक थेंब पाण्यावर पडताना एक ठिणगी उठवत होता. इंटरनेटवरचे गडद निळे फोटो बराच वेळ उघड्या ठेवलेल्या कॅमेऱ्याचे असतात. डोळ्यांना दिसतो तो रंग जास्त पांढुरका असतो आणि हलता असतो, आणि मला तोच कितीतरी जास्त आवडला. मी ओंजळीत पाणी घेतलं. क्षणभर काळं. बोटं हलवली, तसे रेषांच्या मधून ठिपके चमकले आणि विझले. प्रत्येक चमक सेकंदाच्या दहाव्या भागाएवढी. पेशीला धक्का बसला की आतल्या सूक्ष्म कप्प्यांमधली आम्लता वाढते, ल्युसिफेरेज हे विकर ल्युसिफेरिनला ऑक्सिजनशी जोडतं, आणि उजेड पडतो. खायला आलेल्याला दचकवायला, किंवा त्यालाच खाणारा मोठा मासा तिकडे खेचायला, असं शास्त्रज्ञ मानतात. आमच्या कायाकखालून एक मोठा मासा गेला तेव्हा त्याचं अख्खं अंग, शेपटीच्या वळणासकट, उजेडात काढलेलं दिसलं.

नवरा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "अगं, यात उडी मारायला नाही मिळत, किती वाईट!" त्याला पाणी दिसलं की राहवत नाही, हे मला माहीत आहे. पण पोहायला बंदी आहे ती योग्यच आहे असं माझं ठाम मत आहे. रोज रात्री इतकी माणसं येतात. प्रत्येकाच्या अंगावरचं तेल, मलम त्या बंदिस्त पाण्यात उतरलं, तर ते कुठे जाणार?

वर आकाशगंगा स्पष्ट होती. आणखी पूर्वेकडे एकही दिवा नव्हता. तो काळोख नौदलाने बळकावलेल्या जमिनीमुळे टिकला, असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. जमीन गेलेल्या कुटुंबांनी त्याची किंमत मोजली आहे, आणि आज तो काळोख टिकतो आहे तो एस्पेरांसासारख्या गावात दिव्यांवर झाकण घालणाऱ्या, खारफुटी पुन्हा लावणाऱ्या माणसांमुळे. आभार मानायचे तर त्यांचे.

आता पुढचा टप्पा सालिनास, मग हळूहळू ला पार्गेरा. तिथे पाण्यात उतरता येतं, म्हणून नवऱ्याने आतापासून चष्मा आणि नळी बाहेर काढून ठेवली आहे. पण तिथे किनाऱ्यावरचे दिवे आणि मोटरबोटींची वर्दळ वाढत गेली आणि पूर्वीचा उजेड ओसरला, हेही मी त्याला सांगितलं आहे. तो पोहणार असेल तर पोहो, आधी अंग स्वच्छ धुऊन. मी पाण्यात उतरणार नाही.