गुलमोहर आणि वाल: एका कुळातील दोन वनस्पती

लातूरच्या नव्या वसाहतींमधून फिरताना दोन वनस्पती हमखास भेटतात. रस्त्याच्या कडेला गुलमोहर असतो आणि परसातल्या कुंपणावर किंवा गच्चीकडे नेलेल्या दोरीवर वालाचा वेल चढवलेला असतो. गुलमोहराकडे आपण एप्रिल-मे महिन्यांत मान वर करून पाहतो. वालाकडे थंडीत, शेंगा तोडायला जातो. एकाची ओळख फुलावरून आणि दुसऱ्याची भाजीवरून झालेली असल्यामुळे हे दोघे एकाच शिंबावंत, म्हणजे शेंगा धरणाऱ्या, कुळातले आहेत, हे शाळेत शिकलेले असूनही सहसा मनात राहत नाही. मला मात्र हे नाते जवळून पाहण्याजोगे वाटते, कारण ते जिथे जुळते आणि जिथे तुटते त्या दोन्ही जागा आपण परसात काय लावावे याच्याशी थेट संबंधित आहेत.

नात्याची उघड खूण म्हणजे शेंग. गुलमोहराची शेंग कोवळी असताना हिरवी आणि लवचीक असते, पुढे ती काळपट तपकिरी होऊन लाकडासारखी टणक बनते आणि पानगळीनंतरही झाडावर लोंबत राहते. तिची लांबी ६० सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकते. ती फोडून पाहिली तर आत प्रत्येक बीसाठी वेगळा खण दिसतो आणि लांबट बिया शेंगेत आडव्या बसवलेल्या आढळतात. वालाची शेंग वीतभरही नसते, तिच्या कडा खरखरीत असतात आणि आत चार-पाच दाणेच असतात; प्रत्येक दाण्याच्या कडेवर ती ठसठशीत पांढरी रेघ असते, जिच्यामुळे वाल कोणत्याही कडधान्यात मिसळला तरी ओळखू येतो. आकारात एवढा फरक असला तरी दोन्ही शेंगा फुलातल्या एकेका किंजदलापासून, म्हणजे फळ बनणाऱ्या भागापासून, बनतात, दोन्हींना दोन शिवणी असतात आणि बिया एकाच शिवणीला धरून असतात. येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगायला हवी. शेंग दिसली म्हणजे ती खाण्याजोगी असते असे नाही. गुलमोहराच्या बिया खाण्यासाठी नाहीत आणि वालाचे सुके दाणेसुद्धा भिजवून, चांगले शिजवून, ते पाणी टाकूनच खाल्ले पाहिजेत.

फुलांकडे आल्यावर नाते सूक्ष्म होते. मे महिन्यात गुलमोहराची उमलायच्या बेतात आलेली कळी घेऊन नखाने उकलून पाहावी. बाहेरून हिरवी आणि आतून लाल अशी पाच निदलदले, म्हणजे कळीचे बाहेरचे आवरण, एकमेकांना कडेने चिकटून बसलेली असतात. गावाकडची मुले हीच काढून नखांवर चिकटवतात. त्यांच्या आत पाच पाकळ्या असतात. चार लाल, आणि पाचवी पांढरट-पिवळ्या रंगावर लाल रेषा असलेली, जी मुले आंबट लागते म्हणून चघळतात. ही वेगळी पाकळी म्हणजे फुलाचा ध्वज. कळीत ती सगळ्यांच्या आत असते, शेजारच्या पाकळ्या तिला बाहेरून झाकतात. आता वालाची कळी उकलावी. तेथेही पाच पाकळ्याच आहेत आणि तेथेही एक ध्वज आहे, पण तो सगळ्यांत बाहेर असून उरलेल्या चौघींना कवेत घेऊन बसलेला असतो. बाजूच्या दोन पाकळ्या पंखांसारख्या पसरतात आणि खालच्या दोन जुळून होडी बनते. वालाची ही होडी टोकाशी काटकोनात वर वळलेली असते आणि तिच्या आत दहा पुंकेसर लपलेले असतात: नऊ एकत्र जुळलेले, दहावा मोकळा. जड भुंगा फुलावर टेकला की त्याच्या वजनाने होडी दबते आणि परागांचे टोक बाहेर येऊन त्याच्या अंगाला लागते. गुलमोहरातही पुंकेसर दहाच, पण ते सगळे सुटे, लांब आणि उघड्यावर असतात. ध्वज आत की बाहेर, एवढ्या एका खुणेवरून वनस्पतिशास्त्रज्ञ या कुळाच्या दोन मोठ्या शाखा ओळखत आले आहेत.

या खुणेच्या मदतीने आपल्या माळरानाकडे पाहिले की खरी गंमत कळते. पळसाचे झाड गुलमोहरासारखेच निष्पर्ण अवस्थेत भगवे-लाल फुलते, म्हणून ते त्याचे जवळचे भावंड वाटते. परंतु पळसाच्या फुलात ध्वज, पंख आणि होडी अगदी वालाप्रमाणे असतात आणि ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण ज्याच्यावरून आली ते त्रिदल पानही वालासारखेच असते. म्हणजे पळसाचा नातलग परसातला वाल आहे, रस्त्यावरचा गुलमोहर नव्हे. २०१७ मध्ये जगभरातील अभ्यासकांनी मिळून या कुळाची सहा उपकुळांत फेरमांडणी केली. तिच्यात गुलमोहर आणि बाभूळ एका उपकुळात आले, तर वाल, पळस, पांगारा, तूर, हरभरा, भुईमूग आणि सोयाबीन दुसऱ्या उपकुळात राहिले. उंच वृक्ष की नाजूक वेल, हा नात्याचा निकषच नाही.

गुलमोहर आपला नाही, हेही येथे नोंदवायला हवे. तो मूळचा मादागास्करच्या कोरड्या, पानगळीच्या जंगलांतला असून वेन्सेस्लास बोयेर यांनी केलेले त्याचे शास्त्रीय वर्णन १८२९ मध्ये प्रसिद्ध झाले. कोरड्या मुलखात वाढल्यामुळे उन्हाळ्याआधी पाने टाकून देण्याची त्याची सवय मराठवाड्याला मानवली. वालाचे मूळही आफ्रिकेतच मानले जाते, परंतु तो भारतात इतक्या प्राचीन काळापासून लावला जात आहे की त्याला परका म्हणण्यात अर्थ नाही. मार्गशीर्षातल्या येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येच्या सणाला, शेतात जी भज्जी ही मिश्र भाजी शिजते तिच्यात तुरीच्या आणि हरभऱ्याच्या ओल्या दाण्यांबरोबर वालाचे दाणे नसतील तर आमच्याकडे ती अपुरी समजतात.

येळवशीला वालाच्या शेंगा तयार असतात, यालाही कारण आहे. जुना, वेलीचा वाल दिवस लहान होऊ लागल्याशिवाय फुलत नाही. मृगाच्या पावसावर लावलेला वेल श्रावण-भाद्रपदात नुसता पानांनी माजतो, लोक ‘वेल वांझ निघाला’ म्हणून उपटायला निघतात, आणि दिवाळीच्या सुमारास त्यालाच पांढरे किंवा जांभळे तुरे येतात. हा वेल उपटू नये, असे मी प्रत्येकाला कळकळीने सांगते. ज्यांना थांबायचे नसेल त्यांनी बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे ‘अर्का जय’ किंवा ‘अर्का विजय’ हे झुडपी वाण लावावेत. त्यांना दिवसाच्या लांबीची अट नाही. चवीला मात्र मला वेलीचाच वाल आवडतो.

पानांत दोघांचे पुन्हा जुळते. गुलमोहराचे एक पान म्हणजे शेकडो बारीक पर्णिकांचे पीस आणि वालाचे पान म्हणजे तीन रुंद पर्णिका. तरीही संध्याकाळ झाली की दोघेही पाने मिटतात. देठाच्या बुडाशी असलेल्या फुगीर सांध्यातील पेशींत पाण्याचा दाब कमी-जास्त होतो आणि त्यामुळे ही हालचाल घडते.

सर्वांत मोठी फारकत मुळांत आहे आणि माझ्या मते तीच शेतकऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. वालाचा जोमदार वेल मुळासकट हलकेच उपटून माती झटकली की मुळांवर बारीक गाठी दिसतात. त्यातली एक नखाने चिरावी. आत गुलाबी-लाल रंग असेल तर गाठ काम करत आहे, म्हणजे तिच्यातले जिवाणू हवेतला नत्र वेलाला मिळवून देत आहेत, असे समजावे. बियाण्याला रायझोबियम हे गाठींतले जिवाणू चोळून सोयाबीन पेरणाऱ्या लातूरकरांना हे वेगळे सांगायला नको. गुलमोहराच्या मुळांवर मात्र अशा गाठी होत नाहीत. शेंगवर्गातले झाड आहे म्हणून ते जमिनीला नत्र देईल, या समजुतीने बांधावर गुलमोहर लावू नये. शिवाय त्याची मुळे वरच्या थरात दूरवर पसरतात, त्यामुळे त्याच्या खाली दुसरे पीक नीट येत नाही. “गुलमोहराच्या बुडाशी वाल लावू नको, वेल पाण्याला तरसतो,” असे आई सांगायची आणि ते खरेच आहे.

म्हणून दोघांना अंतर द्यावे. गुलमोहर मोकळ्या मैदानात किंवा रुंद रस्त्याच्या कडेला शोभतो; घराच्या भिंतीजवळ, पाण्याच्या टाकीजवळ किंवा विजेच्या तारांखाली तो नको, कारण त्याच्या फांद्या ठिसूळ असतात आणि वळवाच्या वाऱ्यात मोडून पडतात. त्याची बी कठीण कवचाची असल्याने गरम पाण्यात टाकून रात्रभर भिजू द्यावी किंवा एका टोकाला कानशीने घासावी, मग पेरावी. वालाला यांतले काहीही लागत नाही. पूर्वेकडचे ऊन येणारे कुंपण पाहून पाऊस पडल्यावर दोन-तीन दाणे एकत्र टोचावेत, वेल वर चढेपर्यंत काठीचा आधार द्यावा आणि हिवाळ्यात शेंगा तोडताना चांगल्या भरलेल्या काही शेंगा पुढच्या वर्षीच्या बियाण्यासाठी वेलावरच वाळू द्याव्यात.